मिरीची पहिली तपासणी : प्रकल्प नोंदी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

बापूंच्या गोठ्यातल्या काळी नावाच्या कुत्रीला दिवाळीच्या पाडव्याला पिल्लं झाली. त्यातलं एक, सगळं अंग काळं आणि छातीवर पांढरा ठिपका, आमच्याकडे यायचं ठरलंय. पुतणीने, सईने, तिचं नाव आधीच ठेवून टाकलं : मिरी. बापू म्हणाले, "आजच न्या की, भाकरी कुस्करून खातीय आता." पण आज नेणार नाही. पाडव्यापासून मोजलं तर मिरी साडेपाच आठवड्यांची आहे. आठ आठवडे होत आले की आणायची. दात किती जोरात लावले की समोरचा ओरडतो, हे पिल्लू आई आणि भावंडांमध्येच शिकतं. माणसाने ते नंतर शिकवायचं म्हटलं तर हात ओरबाडून निघतात.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून ही वही. उद्दिष्ट एकच : मिरीची दवाखान्यातली पहिली भेट अशी व्हावी की दुसऱ्या भेटीला ती आपल्या पायांनी आत जाईल. आमच्या भागात मी पाहिलेली बहुतेक कुत्री दवाखान्याच्या पायरीवर चारही पाय रोवून बसतात, मग साखळीने ओढावी लागतात, काहींचं तोंड सुतळीने बांधतात. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी घट्ट धरतं ते त्या टेबलावर, औषधांच्या अनोळखी वासात, आणि लगोलग सुई टोचली जाते. धरणं, टेबल, वास आणि सुई या सगळ्यांशी एकाच मिनिटात ओळख होते. पहिल्या तीन गोष्टी घरी आधीच ओळखीच्या करून दिल्या तर दवाखान्याच्या वाट्याला फक्त सुई उरते. आणि सुई खरं तर लहान गोष्ट आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

पहिलं काम लसीचं नाही, जंतांचं. वाईतल्या ज्या डॉक्टर मॅडमकडे जायचा विचार आहे त्यांना फोन केला. काळीला आजवर जंताचं औषध दिलेलं नाही, लसही नाही, हे सांगितलं. त्या म्हणाल्या की अशा आईची पिल्लं जंत घेऊनच जन्मतात. गोलकृमी पोटात असतानाच आईकडून येतात, अंकुशकृमी दुधातून येतात. खरं तर दोन आठवड्यांची असल्यापासून दर पंधरवड्याला औषध द्यायला हवं होतं. आता वजन करून कळवा, डोस त्यावर ठरेल, अंदाजाने चमचा भरून देऊ नका, असंही बजावलं.

वजन करायला बापूंच्या दूध संकलनाच्या काट्यावर पाटी ठेवली, पाटीचं वजन शून्य केलं आणि मिरीला आत बसवलं. २ किलो १८० ग्रॅम. बाकीच्या पिल्लांचंही वजन घेतलं, कारण एकाच पिल्लाला औषध देऊन उपयोग नाही. सगळी एकाच पोत्यावर झोपतात, एकमेकांना चाटतात. औषध सिरिंजने (सुई काढलेली) गालाच्या कडेने दिलं. समोरून घशात ओतलं तर श्वासनलिकेत जातं.

संध्याकाळी दोन पिल्लांच्या विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत निघाले. सईला मुद्दाम लांबून दाखवले आणि का ते सांगितलं. या गोलकृमींची अंडी माणसाच्या, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांच्या, पोटात गेली तर अळ्या यकृतात, डोळ्यात जाऊ शकतात. ताजी विष्ठा लगेच उचलली तर धोका फार कमी, कारण अंडी बाधा करण्याजोगी व्हायला दोनेक आठवडे तरी लागतात. म्हणजे दोन नियम : विष्ठा दिसली की फावड्याने उचलून पुरायची, आणि पिल्लांशी खेळून आलं की साबणाने हात. सईने दुसरा नियम न सांगता पाळला.

पुढचा डोस दोन आठवड्यांनी, तो दवाखान्यातच विष्ठा तपासून.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. सासूबाईंनी दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांकडे बोट दाखवून मिरीचं येणं पक्कं करून टाकलं. त्यांना घरात कुत्रं नको होतं, त्यामुळे आजची नोंद माझ्या दृष्टीने मोठी आहे. त्यांची अट : देवघरात आणि ओट्यावर नाही. मान्य.

६ डिसेंबर, शनिवार

आज मिरीशिवाय दवाखाने पाहिले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अंगणात खोडा, त्यात एक म्हैस उभी, भोवती शेळ्या. इथले डॉक्टर आमच्या गावात रात्री-अपरात्री अडलेल्या गाईसाठी आलेले आहेत, त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे. पण सकाळच्या वेळी तिथे दोन किलोच्या पिल्लाला मोठ्या जनावरांच्या मधून न्यायचं, तेही पहिल्या दिवशी, मला पटलं नाही. काळीसाठी मात्र इथेच येणार.

मॅडमचा दवाखाना लहान, दोन खोल्यांचा. पाहिलं ते असं : बाहेरच्या खोलीत बसायला जागा अपुरी, कुत्री-मांजरं जवळजवळ येतात. टेबल स्टीलचं, गुळगुळीत. लसीचा फ्रिज वेगळा, त्यात तापमापी. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. "वीज गेल्यावर काय करता?" असं विचारलं. मॅडमनी न रागावता इन्व्हर्टर दाखवला आणि रोजच्या तापमानाच्या नोंदीची वहीही काढून दाखवली. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. मला वाटतं तो पहिला विचारावा, कारण फ्रिजमधून बाहेर काढलेल्या लसीकडे बघून ती चांगली की खराब हे कुणालाच सांगता येत नाही.

ठरलं ते : १९ तारखेला सकाळी दवाखाना उघडताच, पहिला नंबर. फरशी तेव्हा नुकतीच पुसलेली असते. आत बोलावेपर्यंत गाडीतच थांबायचं. मिरीला दवाखान्यात आणि दवाखान्याबाहेरच्या रस्त्यावर जमिनीला पाय लावू द्यायचा नाही. कारण पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगाला माहीत झाला आणि आजही पिल्लांना सर्वांत जास्त तोच नेतो : उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन-तीन दिवसांत पिल्लू गळून जातं. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि महिनोन् महिने तिथे टिकतो. नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, तेही आधी जागा धुऊन घेऊन, आणि दहा मिनिटं ओलं ठेवून.

शस्त्रक्रिया किंवा एक्स-रेची वेळ आलीच तर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, खंबाटकी ओलांडली की पुढे. तिथला नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवला. लागू नये, पण रात्री शोधत बसायची वेळ नको.

९ डिसेंबर, मंगळवार

हात लावण्याचा सराव. या प्रकल्पाचा गाभा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळ : मिरी झोपून उठली, शू करून आली, आणि अजून दंगा सुरू झालेला नाही अशी. जागा : गोठ्याबाहेरचा कट्टा, त्यावर रबरी पायपुसणं. हेच पायपुसणं दवाखान्याच्या टेबलावर घालायचंय, म्हणून ते धुवायचं नाही. स्टीलवर पाय सरकला की पिल्लू घाबरतं, आणि घाबरलं की माणूस आणखी घट्ट धरतो. ही साखळी पायपुसण्याने तुटते.

खाऊ : उकडलेल्या अंड्यातलं पिवळं, बोटाच्या टोकावर.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ दाखवून मग कान धरला तर दोन-चार वेळांत पिल्लाला कळतं की अंडं आलं म्हणजे काहीतरी होणार, आणि ते अंड्यालाच बिचकायला लागतं. उलट कानाला हात लागला की अंडं येतं हे कळलं, तर कान आपणहून पुढे येतो. सई सुरुवातीला घाईने दोन्ही एकदम करत होती. तिला म्हटलं, मनात "एक" म्हण आणि मग बोट पुढे कर. तेवढ्याने फरक पडला.

आज केलेलं : कानाची पाळी उलटवून आत पाहिलं, वास घेतला (आंबूस नाही, बरं आहे). पुढचा पंजा हातात घेऊन बोटांच्या मधे हलकं दाबलं, नखं बाहेर आली. ओठ वर करून दात पाहिले. शेपूट उचलली, कारण थर्मामीटर तिथूनच लागतो आणि बहुतेक पिल्लांना सुईपेक्षा त्याचाच राग येतो. मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि पेनाचं टोपण टेकवलं, लस तिथे बसणार म्हणून. स्टेनलेसची वाटी छातीला लावली. स्टेथोस्कोप थंड असतो.

मागचे पाय तिला आवडत नाहीत. डावा मागचा पंजा धरला की तोंड फिरवते आणि जीभ ओठांवरून फिरवते. झोप नसताना जांभई देते. हे तिचं "पुरे" आहे. तिथे सोडून द्यायचं, पंजा ओढून धरायचा नाही. उद्या फक्त मांडीपर्यंत हात न्यायचा, परवा गुडघ्यापर्यंत. बापू कडेला बसून बघत होते. म्हणाले, "खोंडाला नांगराला लावायच्या आधी आम्ही असंच करायचो, पाठीवर नुसतं पोतं टाकून फिरवायचं." बापूंचा हा अनुभव मला पुस्तकी सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटला. उद्यापासून ते स्वतः रोज सकाळी धार काढून झाल्यावर सगळ्या पिल्लांचे कान बघणार आहेत.

११ डिसेंबर, गुरुवार

मिरीच्या पुढच्या डाव्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात, एक गोचीड. मुगाएवढी, करडी. बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडली आणि सरळ वर ओढली, न पिळता. डेटॉलच्या पाण्यात टाकली. बोटांनी चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, काडीने जाळायची तर मुळीच नाही. अशाने ती जखमेत आणखी लाळ सोडते, आणि गोचीडताप पसरतो तो त्यातूनच.

बापूंच्या गोठ्यात गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध पडून आहे. शेजारच्या एकाने ते पातळ करून पिल्लांना लावायचं सुचवलं. बापूंना हात जोडून सांगितलं, हे करू नका. गाईच्या कातडीवर चालणारं औषध दोन किलोच्या पिल्लाला विष होऊ शकतं, ती ते चाटतात. बापूंनी बाटली वरच्या फळीवर ठेवली. पिल्लाला काय लावायचं ते मॅडम वजन बघून सांगतील.

हिरड्या गुलाबी आहेत. बोटाने दाबून पांढरं झालेलं दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होतं. रोज बघायचं : गोचिडांनी किंवा अंकुशकृमींनी रक्त पिऊन संपवलं तर हिरड्या फिकट पडतात, आणि ती वाट बघत बसायची वेळ नसते.

१४ डिसेंबर, रविवार

मिरी घरी आली. काळीच्या पोत्याचा एक तुकडा कापून बरोबर आणला, तिच्या क्रेटमध्ये गोधडीखाली घातला. क्रेट भाजीचा, प्लास्टिकचा, एका बाजूची कड कापून दार केलेलं. रात्री क्रेट आमच्या पलंगाशेजारी. सासूबाई म्हणाल्या की रडू दे, सवय होईल. मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच आईपासून दूर झोपणारं पिल्लू आहे, हाताचा वास येत राहिला तर झोपतं. झोपली.

खाणं बदललं नाही. बापूंकडे भाकरी, कोंबडीचं पाणी आणि अंडं चालू होतं, तेच चार वेळा, थोडं थोडं. गाईचं दूध बंद, ते पचत नाही आणि जुलाब झाले तर दवाखान्यात कारण शोधत बसावं लागेल. कोंबडी आमच्या रश्श्यातली नाही, वेगळी उकडलेली, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतो. मनुका-बेदाण्याची बरणी वर ठेवली, उंदराच्या औषधाच्या वड्या माळ्यावरून काढून फेकून दिल्या. घरातल्या सगळ्यांना एक सूचना : पिल्लाला ताप वाटला, लंगडलं, काही झालं, तरी माणसांची क्रोसीन किंवा अंगदुखीची गोळी द्यायची नाही.

सईच्या मनगटावर आज दाताचा ओरखडा उठला, रक्ताचा एक ठिपका. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. पिल्लू घरचं आहे, एवढंसं आहे, हे सगळं खरं. पण मिरीची आई लस न घेतलेली, गोठ्यात रात्री कोण कुत्रं येऊन जातं माहीत नाही, आणि रेबीज एकदा लक्षणं दिसू लागली की हातात काही राहत नाही. तिथल्या डॉक्टरांनी लस सुरू केली : आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पूर्वीसारखी पोटात इंजेक्शनं नसतात, दंडाच्या कातडीत बारीक सुया. सई रडली नाही, उलट मिरीला घरी येऊन सांगत होती की तुझ्याआधी मी घेतली.

१६ डिसेंबर, मंगळवार

गाडीचा सराव. पहिल्यांदा बंद गाडीत क्रेट ठेवून खाऊ. मग इंजिन चालू, जागेवरच. मग मेणवलीच्या फाट्यापर्यंत आणि परत. मिरीने लाळ गाळली, उलटी नाही. क्रेट मागच्या सीटवर आडवा ठेवून पट्ट्याने बांधला, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, म्हणजे ब्रेक लागला तरी सरकत नाही. निघायच्या दोन तास आधी खाणं द्यायचं, तेही अर्धं. पूर्ण उपाशी न्यायचं नाही. एवढ्या लहान पिल्लाच्या रक्तातली साखर लवकर उतरते.

परत येताना मेणवलीच्या घाटावर दहा मिनिटं थांबलो, मिरी शालीत, माझ्या कडेवर. नदी, घंटेचा आवाज, सहलीची मुलं, हेल्मेट घातलेला माणूस, ट्रॅक्टर. जमिनीवर पाय नाही, पण डोळे आणि कान उघडे. तीन ते साधारण चौदा आठवडे या काळात पिल्लू जे शांतपणे बघतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं राहतं. लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवलं तर पार्व्होपासून वाचेल, पण तो काळ निघून जाईल. कडेवर घेऊन फिरवणं हा मला यातला सगळ्यात समजूतदार मार्ग वाटतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घरात बायकांची ये-जा. मिरी त्या सगळ्यांच्या हातांतून फिरली, प्रत्येकीला एकेक अंड्याचा कण देऊन बसवलं होतं. अनोळखी हातांचा सराव आयताच झाला.

उद्यासाठी एका कागदावर लिहिलं : जन्म २२ ऑक्टोबर २०२५. आईला लस नाही, जंताचं औषध नाही. मिरीला जंताचं औषध २ डिसेंबर, तेव्हाचं वजन २.१८ किलो, औषधाचं नाव (बाटलीचा फोटोही). खाणं काय, किती वेळा. विष्ठा कशी, दिवसातून किती वेळा. गोचीड कधी, कुठे. खोकला, शिंक, उलटी नाही. घरात लहान मूल आहे. रोज संध्याकाळी खेळताना एकदा उजवा मागचा पाय उचलते, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ, कारण दवाखान्यात ती तो पाय नेमका उचलणार नाही.

प्रश्न : कुठली लस आणि पुढच्या तारखा? रेबीज कधी? गोचिडांवर काय? पाय का उचलते? नसबंदी कोणत्या वयात?

पिशवी : पायपुसणं, शाल, अंडं आणि डबीभर दही, जुने टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या. सकाळची ताजी विष्ठा झाकणाच्या स्वच्छ डबीत, हरभऱ्याएवढी पुरते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

झालं. क्रमाने लिहिते.

गाडीतून थेट आत. पायपुसणं टेबलावर टाकलं, मिरीने हुंगलं, बसली. मॅडमनी लगेच हात लावला नाही. आधी माझा कागद वाचला, मग मिरीला त्यांचा हात हुंगू दिला. वजन ३ किलो ५० ग्रॅम. डोळे, कान, दात. दुधाचे अठ्ठावीस असतात, त्यातले मागचे अजून पुरते वर आलेले नाहीत, वयाशी जुळतंय म्हणाल्या. छातीला स्टेथोस्कोप लावला तर मिरीने माझ्याकडे पाहिलं, अंडं मागायला. वाटीचा सराव इथे कामाला आला. हृदयाचे ठोके साफ.

पोट दाबून पाहिलं. बेंबीजवळ वाटाण्याएवढा मऊ फुगवटा, दाबला की आत जातो. लहान हर्निया. बंद होऊ शकतो, नाही झाला तर नसबंदीच्या वेळी टाका घालू. घट्ट झाला, दुखायला लागला तर मात्र त्याच दिवशी या. हे मला घरी दिसलंच नव्हतं, कारण घरी आपण पोट कुरवाळतो, तपासत नाही.

थर्मामीटरला मिरी किंचाळली. शेपूट उचलायचा सराव झाला होता, पण शेपूट उचलणं वेगळं आणि हे वेगळं. मॅडम थांबल्या. घाई न करता दह्याची डबी तिच्यापुढे धरायला लावली, जेल जास्त घेतलं, आणि ती चाटायला लागल्यावर परत. १०१.६ फॅरनहाइट, नॉर्मल. त्या थांबण्याबद्दल मला मॅडमचे आभार मानावेसे वाटले आणि मी मानले.

विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली : अंकुशकृमींची अंडी आहेत. आईच्या दुधातून परत येत राहतात. दुसरं औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. गोचिडांसाठी लहान पिल्लांना चालणारा स्प्रे, हातमोजे घालून केसांच्या उलट दिशेने कसा चोळायचा ते करून दाखवलं. पायाचा व्हिडिओ तीनदा पाहिला, गुडघ्याची वाटी हलवून पाहिली, जागेवर आहे. लक्ष ठेवा, महिन्याने परत बघू.

मग लस. एका कुपीत पांढरी वडी, दुसरीत पाणी; पाणी वडीवर सोडून हलवलं आणि मगच सिरिंजमध्ये घेतलं. एकाच टोचणीत पाच आजारांवरची : डिस्टेंपर, कावीळ, पार्व्हो, पॅराइन्फ्लूएंझा आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). लेप्टो उंदरांच्या मूत्रातून येतो, आमच्याकडे पावसाळ्यात खाचरांच्या बांधाने फिरणाऱ्या कुत्र्याला तो हवाच. मानेमागची कातडी उचलली, सुई गेली, मिरीने एकदा मागे वळून पाहिलं आणि परत दह्यात तोंड घातलं.

कुपीवरचा स्टिकर सोलून मॅडमनी लसीच्या पुस्तकात चिकटवला, त्यावर बॅच नंबर आणि मुदत आहे. पुस्तक घेताना हा स्टिकर आणि सही बघून घ्यावी.

एकाच डोसवर का भागत नाही, हे विचारलं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही मारते, आणि ती कुठल्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. शेवटचा डोस सोळाच्या आत उरकला तर काही पिल्लं पुस्तक भरलेलं असूनही उघडीच राहतात. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक.

तारखा : १६ जानेवारी, दुसरा डोस आणि रेबीज (तोवर बारा आठवडे पूर्ण होतात). १३ फेब्रुवारी, तिसरा. एप्रिलच्या शेवटी, सहा महिन्यांचा.

लस झाल्यावर वीस मिनिटं दवाखान्याबाहेर गाडीत थांबलो. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या, असं काही व्हायचं तर बहुतेक वेळा सुरुवातीलाच होतं.

२० डिसेंबर, शनिवार

काल दिवसभर झोपाळलेली, रात्री अर्धंच जेवली. टोचलेल्या जागी लहानशी गाठ लागते. आज सकाळी चप्पल पळवली. गाठ महिन्याभरात विरायला हवी, दर रविवारी हात लावून बघायची.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काही काम नसताना दवाखान्यात गेलो. मॅडमना आधी विचारलं होतं. वजन (३ किलो ४२०), टेबलावर दही, मॅडमचा हात डोक्यावर, परत. पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत. १६ तारखेच्या आधी असं अजून एकदा करायचं, म्हणजे त्या टेबलाची आठवण फक्त सुईची राहणार नाही. मागच्या पंजाला आज पहिल्यांदा बोट लावू दिलं, अंडं न बघता.

२८ डिसेंबर, रविवार

बापूंकडे उरलेल्या पिल्लांपैकी दोन पसरणीला गेली. घेणाऱ्यांना जंताच्या औषधाची तारीख, वजन आणि लस कधी ते चिठ्ठीवर लिहून दिलं. एकाने विचारलं, गावठी कुत्र्याला एवढं कशाला. बापूंनीच उत्तर दिलं : "पार्व्होला काय माहीत गावठी का विलायती." उरलेल्या दोघांना बापू मंगळवारी लसीसाठी नेणार, मी बरोबर.

काळीचं दूध आटत आलंय. तिला रेबीजची लस सरकारी दवाखान्यात पुढच्या आठवड्यात, आणि नसबंदी जानेवारीअखेर, दूध पूर्ण बंद झाल्यावर. काळीला मात्र आयुष्यात कुणी पंजाला हात लावलेला नाही. तिच्यासाठी मिरीचा सराव जसाच्या तसा चालणार नाही, वेग निम्मा हवा आणि हात बापूंचाच हवा, कारण ती फक्त त्यांना जवळ येऊ देते. आज कट्ट्यावर पायपुसणं टाकून बापूंनी तिला भाकरी त्यावर दिली, एवढंच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिला उपाशी ठेवावं लागेल आणि ती रात्रभर मोकळी फिरते, तेव्हा तिला बांधण्याची सवय आतापासून लावायची आहे. पट्टा उद्या बाजारातून आणते, रुंद, सुती, साखळी नाही.